आवाजाचं लोखंड

पहाटे 5.30

जुलैचा शेवटचा आठवडा आमच्या दुकानाला सगळ्यात जड जातो. 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंती, त्यासाठी हलगीची कडी हवी असतात. 15 ऑगस्टसाठी शाळांना लेझमी लागतात. तेवढं उरकतंय तोवर गणपती मंडळांची माणसं दारात उभी. म्हणून या दिवसांत आम्ही उजाडायच्या आत दुकान उघडतो.

दुकान म्हणजे जालन्यात मंठा चौफुलीच्या पुढं रस्त्याला लागून पत्र्याची शेड. आत एक भट्टी, एक ऐरण, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि एक जुना प्रेस. आम्ही घिसाडी. आजोबा बैलगाडीवर भाता घालून गावोगाव हिंडायचे, फाळ शेवटायचे, विळ्या-खुरप्यांना पाणी पाजायचे. वडिलांनी जालन्यात बस्तान बसवलं. शेतीची अवजारं आता कारखान्यातून तयार येतात. ते काम आटलं आणि वाजणाऱ्या वस्तूंचं काम आमच्याकडं राहिलं.

पहाटे भट्टी पेटवत नाही. आधी ऐकण्याचं काम करायचं. हा नियम वडिलांचा. रात्रभर झोपलेला कान ताजा असतो. एकदा प्रेस सुरू झाला, घण पडू लागला, की दोन तासांत कानावर पडदा येतो आणि चांगलं-वाईट सगळं सारखंच वाटू लागतं. त्यात या वेळेला रस्त्यावर ट्रक कमी असतात.

काल पाडलेल्या चकत्या पाटीत पडलेल्या असतात. लेझमीच्या साखळीत ज्या गोल पातळ टिकल्या खुळखुळतात, त्या या. प्रत्येक चकती दोऱ्यात ओवून लोंबती धरायची आणि खिळ्यानं कडेला हलकी टिचकी मारायची. बोटांत धरून वाजवली तर आवाज बोटच खाऊन टाकतं. चांगली चकती सुटा, लांब आवाज देते. कडेला भेग असेल तर भुंग्यासारखी भुणभुणते. भोकाभोवती छिलका राहिला असेल तर आवाज निघतो, पण लगेच बसतो. तीन ढीग पडतात. भुणभुणणारी भंगारात जाते, छिलक्याची कानशीवर जाते, चांगली पुढच्या कामाला.

त्यानंतर जोड्या लावायच्या. साखळीच्या एका कडीत दोन चकत्या एकमेकींवर आपटतात. दोघींचा आवाज अगदी एक असला तर लेझीम सपाट बोलते. किंचित फरक असला तर आवाज लहरतो, त्यात जीव येतो. हा फरक फार झाला तर नुसता खणखणाट. ही जोडी लावायचं काम आमच्या घरात माझी बायको करते. तिच्याइतका बारीक कान माझा नाही.

सकाळी 7.00

आता भट्टी. पावसात कोळसा सर्द होतो, पेटायला वेळ घेतो. भाता जाऊन पंखा आला त्याला बरीच वर्षं झाली, पण आच ओळखायची ती अजून रंगावरूनच. काळपट लाल म्हणजे वाकवायला थंड. संत्र्यासारखा रंग आला की कामाला लागायचं. पांढरा होऊन ठिणग्या सुटल्या म्हणजे लोखंड जळालं.

हलगीचं कडं करायचं म्हणजे चपटी पट्टी गोल वळवायची. ऐकायला सोपं आहे. बारा इंची कड्याला पावणेअडतीस इंच पट्टी लागते. व्यासाच्या तिप्पट आणि वर एक सातवा हिस्सा, हा हिशेब शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांना तोंडपाठ होता. पट्टी तापवायची, लोखंडी साच्याभोवती हळूहळू फिरवायची, आणि टोकं जुळवायची. पूर्वी सांध्यावर टाकणखार टाकून पांढऱ्या आचेवर घणानं दोन्ही टोकं एकजीव करत. आमच्याकडं घण बाईच्या हातात असतो. माझी आई घण मारायची आणि वडील सांडशीत लोखंड धरून फिरवायचे. दोघांच्या तालात एक शब्द बोलायची गरज नसायची. आता सांधा वेल्डिंगनं होतो. पण वेल्डिंगचा टाका आतून पोकळ राहिला तर तेही कान सांगतो. कडं दोरीला टांगून ठोकलं की नीट सांधलेलं कडं गात राहतं, आणि फसलेला सांधा फस्सकन बोलून गप्प होतो.

वरची धार गोल घासायची. धार राहिली तर कातडं तिथंच फाटतं, तेही ऐन मिरवणुकीत.

सकाळी 8.30

हलगीवाले मामा आले. सायकलला जुनी हलगी अडकवलेली. वयानं वडिलांच्या जवळचे, म्हणून मामा. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आता जिल्हाभर वाजवतात.

"काय मामा, इतक्या लवकर?"

"पोरं बोलावलीत सरावाला. अन् ह्या पावसानं कातडं पार ढिलं पडलंय. जरा शेक घेऊ दे तुझ्या भट्टीचा."

सर्द हवेत हलगीचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून वाजवणारे आधी ती विस्तवावर शेकतात. मामांनी हलगी आचेपासून हातभर लांब धरली, फिरवत राहिले, मधूनमधून बोटानं टिचकी मारत राहिले. घड्याळाकडं पाहिलं नाही. आवाज चढला, तसे थांबले.

मग नवी कडी पाहायला बसले. मी केलेली कडी त्यांनी एकेक करून करंगळीवर लोंबती धरली आणि हलगी वाजवायच्या टिपरूनं ठोकून पाहिली. दोन बाजूला ठेवली. त्यातलं एक तर डोळ्यांना सगळ्यात देखणं होतं.

"ह्याला काय झालं मामा?"

"दिसतंय बरं. पोट बोलंना त्याचं."

मी पुन्हा पाहिलं. पट्टी एका ठिकाणी घासताना जास्त पातळ झाली होती. कातडं लावल्यावर हे कुणाच्या ध्यानात येतं, असा वाद कुणी घालेल. मामा घालत नाहीत. कातडं ताणलं की ताण सगळीकडं सारखा बसला पाहिजे, आणि वाकडं-पातळ कडं तो सारखा बसू देत नाही. लोखंड नीट नसेल तर बोकडाचं उत्तम कातडंही वाया जातं. घेणारं माणूस असं असेल तर करणाऱ्याचा हात आपोआप सुधारतो. जिल्ह्यातल्या हलगीचा आवाज आज टिकून आहे तो माझ्यासारख्या लोहारांमुळं कमी आणि मामांसारख्या घेणाऱ्यांमुळं जास्त, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी 10.00

कानात कापसाचे बोळे घालून प्रेस सुरू. पत्र्याच्या पट्टीतून चकत्या पाडायच्या, मग दुसऱ्या साच्यात दाबून त्यांना बशीसारखा किंचित खोलगटपणा द्यायचा. सपाट चकत्या एकमेकींना सबंध चिकटतात आणि आवाज दाबतात. खोलगट चकत्या फक्त कडेला भेटतात, बाकीचा पत्रा मोकळा थरथरतो.

माल कुठला वापरायचा, हे लोक हमखास विचारतात. जालना म्हणजे लोखंडाचं गाव, तुम्हाला काय तोटा! खरं आहे. छत्रपती संभाजीनगर रस्त्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळ्या बनवणारे मोठे कारखाने आहेत, आणि जालन्याची सळई राज्यभर घराघरांच्या स्लॅबमध्ये गेली आहे. पण ती सळई बांधकामासाठी घडवलेली. लाल सळईवर पाण्याचा मारा करून तिची साल कडक आणि गाभा मऊ ठेवतात, म्हणजे ती वाकते पण तुटत नाही. भूकंपात घर उभं राहावं म्हणून हेच हवं. वाजवायला मात्र आम्ही तिच्याऐवजी दुसरा माल निवडतो.

बिडाचं तर नावच नको. बिडाच्या पोटात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात, ते थरथर तिथल्या तिथं गिळतात. म्हणूनच यंत्रांचं बूड बिडाचं करतात, हादरे जिरावेत म्हणून. बिडाच्या तुकड्यावर हातोडा मारला की ठक्क असा बसका आवाज येतो. पोलादाचा सूर मात्र लांबतो. ट्रकचे जुने कमानपाटे, रेल्वेचा रूळ, ही खरी गाणारी जात.

दुपारी 12.30

परतूरकडच्या एका गावातून शाळेचे शिपाई आले. शाळेची घंटा बदसूर झाली म्हणून सोबत ती घंटाच घेऊन आले होते. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. मराठवाड्यात असंख्य शाळांत तो झाडाला नाहीतर तुळईला टांगलेला असतो. आपल्याकडची ही रेल्वे निजामाच्या काळातली, 1900 च्या सुमाराची, मीटरगेज. 1990 नंतरच्या दहा वर्षांत ती रुंद झाली, तेव्हा निघालेल्या रुळांतलाच हा तुकडा असावा.

तुकडा चांगला होता. टांगायची तार भोकात घट्ट पिरगाळली होती आणि रूळ मागच्या भिंतीला टेकत असावा, कारण एका बाजूनं चुना लागला होता. तार काढून जाड साखळीची सैल कडी घातली, अधांतरी टांगून दाखवलं. ठोका दिला तर आवाज रस्त्यापलीकडं गेला. पैसे घेतले नाहीत. शाळेच्या घंटेचे आमच्याकडं कधीच घेत नाहीत.

दुपारी 1.30

भाकरी, पिठलं, ठेचा. लाईट गेली.

दुपारी 2.00

लाईट नसली की प्रेस बंद, वेल्डिंग बंद. अशा वेळी शेडच्या मागच्या कोपऱ्यातलं काम बाहेर निघतं. ते विकायचं नाही.

माझी मुलगी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला आहे. तिनं मोबाईलवर इंडोनेशियातल्या बाली बेटाचं एक वाद्य दाखवलं, सेलोन्दिंग. लाकडाच्या पोकळ खोक्यावर लोखंडाच्या जाड पट्ट्या ओळीनं मांडलेल्या, त्या चामड्याच्या वादीवर तोललेल्या, आणि दोन हातांत दोन लाकडी हातोडे. पूर्व बालीतल्या कारांगासेम जिल्ह्यात तेंगानान नावाचं जुनं गाव आहे, तिथं हे वाद्य देवासारखं जपतात. बाहेरच्या माणसानं जुन्या संचाला हातही लावायचा नाही. गावाच्या मोठ्या उत्सवात ते वाजतं. हे लोखंड मेघगर्जनेबरोबर आकाशातून खाली आलं, अशी तिथली श्रद्धा आहे. बाली म्हटलं की जग काशाची वाद्यं ओळखतं. तांबं आणि कथील वितळवून ओतलेली, झगमगणारी, बहुतेक सगळीकडं तीच. लोखंडाचं सेलोन्दिंग जुनं आणि थोड्याच गावांत टिकलेलं. शेजारच्या जावा बेटावर गावाला काशाचं परवडत नसेल तर लोखंडाच्या पट्ट्यांचा संच करून घेतात, पण तेंगानानला ते स्वस्त म्हणून नव्हे, पवित्र म्हणून लोखंड.

बालीत लोहारांचं वेगळं कूळ आहे आणि त्यांचा मोठा मान आहे. दर 210 दिवसांनी लोखंडी शस्त्रं-अवजारांची पूजा होते. आपल्या खंडेनवमीला मी ऐरण आणि घण धुऊन हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. समुद्रापलीकडं कुणी लोहार तेच करतो, हे कळल्यावर त्या दिवशी फार बरं वाटलं.

त्या वाद्याची पट्टी कशी बोलते, ते आम्ही बापलेकीनं कमानपाट्यावर करून पाहिलं. जुना पाटा तापवून सरळ केला. एक फूट लांब, आठ मिलिमीटर जाड तुकडा कापला. आता तो धरायचा कुठं? मधे टेकवला तर आवाज मरतो. टोकांना टेकवला तरी मरतो. मुलीनं पट्टीवर देवघरातली रांगोळी भुरभुरली आणि मधे ठोका दिला. रांगोळी उडाली, सरकली, आणि दोन आडव्या रेघांत गोळा झाली. पट्टी त्या दोन जागी थरथरतच नाही. टोकापासून लांबीच्या शंभरात साडेबावीसाच्या जरा आत ही जागा येते. एक फूट पट्टीला अडीच इंच आणि दीड सूत. त्या दोन रेघांवर वादी ठेवली आणि पट्टी मोकळी बोलू लागली.

पुढचं तर लोहारानं पाठच करावं असं आहे. लांबी निम्मी केली तर सूर दोन सप्तकं वर जातो. जाडी निम्मी केली तर एक सप्तक खाली येतो. रुंदीनं सुरात काही फरक पडत नाही, आवाज तेवढा मोठा-लहान होतो. आणि बारीक सूर लावायचा तो कानशीनं. मधला भाग खालच्या अंगानं घासला तर सूर उतरतो, टोकं घासली तर चढतो. बालीतले कारागीर पट्टी सुरात आणतात ती अशीच, घासत आणि ऐकत. आमची एक फुटी पट्टी पेटीच्या मधल्या सप्तकात बसली. तिच्या पुढं-मागं लहान-मोठ्या पट्ट्या जमत आहेत. सेलोन्दिंगला सात सूर असतात, पण ते आपल्या पेटीसारखे सारख्या अंतरांचे नसतात. त्यांची अंतरं त्या गावाची, त्या संचाची. म्हणून आम्ही त्यांची नक्कल करत नाही. आम्ही भूपाच्या पाच स्वरांच्या पट्ट्या लावतोय. शेजारच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका संध्याकाळी येऊन सूर तपासून देतात.

यातून आमच्या धंद्याला काय मिळालं, असं भावानं विचारलं होतं. मिळालं ते असं. पूर्वी चकतीचं भोक कुठं आणि केवढं, हे आम्ही सवयीनं करत होतो. आता कळतं की टांगायची किंवा टेकवायची जागा चुकली की उत्तम लोखंडही मुकं होतं.

दुपारी 4.00

लाईट आली. लेझमी जोडायला घेतल्या.

लेझीम मुळात आखाड्यातली. धनुष्यासारखा वाकवलेला बांबू, प्रत्यंचेच्या जागी जड लोखंडी साखळी. पहिलवान ती ताणायचे, दंड-खांद्याचा व्यायाम म्हणून. आवाज त्याच्याबरोबर आला, आणि आवाजाबरोबर नाच. आताची शाळेची लेझीम लहान असते. दीड फुटाच्या आतबाहेर लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना साखळी, साखळीच्या मधोमध धरायला मूठ. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम साऱ्या जगानं पाहिली. 26 जानेवारी 2014 ला सांगलीत 7,338 जणांनी एकाच वेळी लेझीम खेळून गिनेस बुकात नोंद केली.

साखळीची प्रत्येक कडी म्हणजे तारेचा एक तुकडा. एका टोकाला डोळा वळवायचा, चकत्यांची जोडी ओवायची, मग दुसरा डोळा पुढच्या कडीत अडकवून बंद करायचा. चकतीचं भोक तारेपेक्षा सैल हवं, म्हणजे चकती मोकळी डोलते. फार सैल झालं तर ती आडवी पडून अडकते. डोळा पूर्ण मिटला पाहिजे. अर्धवट राहिलेली फट पोरांची बोटं चिरते, आणि जोराच्या झटक्यात कडी निसटून समोरच्याच्या तोंडावर जाते. बायको प्रत्येक डोळ्यावरून अंगठा फिरवते. तिचा अंगठा जिथं अडेल ती कडी परत माझ्याकडं.

रंगाचं एक सांगायला हवं. चकत्यांना जाड ऑइलपेंट फासला की लेझीम चकचकीत दिसते आणि आवाज अर्धा जातो. रंगाचा थर थरथर शोषतो. आम्ही चकत्यांना तेलाचा हात देऊन पुसतो, दांडा मात्र रंगवतो. वापर झाल्यावर शाळेनं वर्षातून दोनदा एरंडेलाचा बोळा फिरवला तर गंज धरत नाही. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

संध्याकाळी 6.00

एका शाळेचे क्रीडाशिक्षक आले. गाडीवरून उतरतानाच म्हणाले, "काय रेट लावणार?"

रेट सांगितला.

"बाहेरून याच्या निम्म्यात येतात हो."

येतात. मी तीही आणून ठेवली आहे. त्यांच्या हातात आधी ती दिली, मग आमची. "सर, दोन्ही एकदा हलवून बघा." त्यांनी हलवल्या. पातळ पत्र्याच्या सपाट चकत्या, वरून चंदेरी रंग, डोळे अर्धे उघडे. तिचा आवाज डब्यातल्या चिल्लरीसारखा. आमची त्यांनी दोनदा हलवली. मग सवयीनं पायाचा ठेका धरला, एक-दोन-तीन-चार मोजत लेझीम पुढं-मागं केली. चांगलं वाद्य हातात आलं की शरीर आपोआप उत्तर देतं. त्यांनी कमी नग घेतले, पण आमचे घेतले. उरलेली पोरं आळीपाळीनं खेळतील म्हणाले. हा निर्णय मला योग्य वाटतो. पन्नास मुक्या लेझमींपेक्षा तीस बोलक्या लेझमींनी मैदान जास्त भरतं, आणि पोरांना ताल चुकला ते ऐकू येतं.

रात्री 8.00

भट्टी विझवली. प्रेसला तेल दिलं. पेटीवाले काका आले, पट्ट्यांचा पंचम अजून किंचित चढा आहे म्हणाले. मधोमध चार हात कानस फिरवली, पुरेसं झालं.

हे वाचणाऱ्यांत मुख्याध्यापक असतील, मंडळांचे कार्यकर्ते असतील, पोरासाठी लेझीम घेणारे आई-बाप असतील. त्यांना एवढीच विनंती. लेझीम घ्याल तेव्हा कुठल्याही दुकानातून घ्या, आमच्याकडूनच घ्या असं म्हणणं नाही. पण रेट विचारायच्या आधी ती हातात घेऊन हलवा. एक चकती बोटांत न धरता, साखळीतच लोंबती ठेवून टिचकी मारा. कडीच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवा. हलगी घ्यायची असेल तर सोबत वाजवणारा जाणता माणूस न्या आणि तो नको म्हणेल ते घेऊ नका. आणि शाळेची घंटा भिंतीला टेकली असेल तर उद्याच ती सोडवून मोकळी टांगा. पैसा लागत नाही.